टाचण्या

गुदैबियाच्या दुकानात माझ्याकडे एक नालचुंबक आहे,
लाल रंग उडालेला, दोरी बांधलेला.
रात्री शटर ओढण्याआधी
तो फरशीवरून फिरवते,
दिवसभर सांडलेल्या टाचण्या
उड्या मारत येऊन चिकटतात.

म्हणून डॉक्टर फातेन 'चुंबक' म्हणाल्या तेव्हा
मला आधी तोच दिसला.
वाटलं, मानेतून, खुब्यातून, बोटांच्या पेरांतून
आता सगळ्या निघतील,
ट्रेमध्ये खळ्ळकन पडतील,
हेरंबला मोजून दाखवता येतील.

त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हे काही ओढून काढत नाही,
डोक्याच्या दारावर ठोठावतं फक्त.
आत कुणीतरी आवाज फार मोठा करून ठेवलाय,
जरा कमी होतो का, बघू.
गोळ्या चालूच. संध्याकाळचं चालणंही.
हे त्यांच्या जोडीला.
मी शिवणारी बाई, जोड म्हटल्यावर कळलं:
कापड तेच राहणार,
बगलेत एक कळी घालायची,
हात वर गेला पाहिजे इतकंच.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात.
माझं मुंग्यांच्याच पावलांनी आलं
आणि राहिलं.
तीन वर्षं.
रक्त चांगलं, हाडं चांगली, एमआरआय चांगला.
चांगल्या रिपोर्टांची ती फाईल
उचलताना मनगट ठणकायचं.
उम्म राशिद अबायाची बाही सैल करायला आली की म्हणायची,
माशाल्ला, तब्येत छान दिसते.
हेरंब हिद्दच्या गोदीत जहाजांची पोटं खरवडतो,
त्याचं दुखणं निदान नखांत काळं दिसतं.

पहिल्या दिवशी मारिविकनं सगळं उतरवायला लावलं,
मंगळसूत्र, कुड्या, केसांतले आकडे,
आणि पदराशी खोचलेली एक सुई,
जी मला आठवतही नव्हती.
तिनं ती दोन बोटांत धरून
विंचवासारखी लांब नेऊन ठेवली.
मग टोपीवर पेनानं खुणा.
टक्. इथे नाही.
टक्. जरा मागे.
टक्.
माझा उजवा अंगठा उडाला.
मी उडवला नव्हता.

आईचा अंगठा असाच दुसऱ्यानं धरून उठवलेला,
पतपेढीच्या कागदावर, जांभळा.
मी सही शिकले,
आणि इतकी वर्षं समजत होते
की या अंगठ्याची मालकीण मीच.

मग वीस मिनिटं सुतारपक्षी.
कानांत बोळे, दातांत झिणझिण्या,
समोर भिंतीवर मोत्यांच्या होडीचा जुना फोटो:
नाकाला चिमटा लावलेला माणूस, पायाला दगड,
दोरीचं दुसरं टोक वर कुणाच्या तरी हातात.
मारिविक बटणाजवळ उभी.
दुखलं तर हात वर करा, म्हणाली.
दुखलं तर!
मला हसू आलं, डोकं हललं,
पुन्हा सगळ्या खुणा जुळवाव्या लागल्या.

एका बैठकीला दोन अबायांची शिलाई जाते.
विमेवाले म्हणतात, हे आमच्या यादीत नाही.
पाचव्या दिवशी काहीच नाही.
सातव्या दिवशी डोकं दुखलं, निराळंच, नवं कोरं.
नवव्या रात्री पहाटेच्या अजाननं जाग आली.
जाग आली,
म्हणजे मी झोपले होते की.
अंगावर चादर होती,
आणि ती चादरीएवढीच जड होती.
हेरंबला उठवलं नाही.
एवढ्याशा गोष्टीला साक्षीदार कशाला,
शिवाय मोडली तर?

काल मुस्लेमचं कोपर लागून डबा पडला.
चुंबक खुंटीवर होता.
तो घ्यायच्या आधीच मी खाली बसले
आणि हातानं वेचू लागले,
लाल डोक्याच्या, पांढऱ्या डोक्याच्या,
मशीनच्या पायाखाली गेलेल्या.
एक बोटात घुसली.
दुखलं.
फक्त तिथंच.

उठताना मुस्लेमचा हात धरावा लागला.
अजून अकरा बैठका आहेत.